पोडपत्री

आमचं घर साखर पेठेत.
यावरचे विनोद सगळ्यांचे करून झालेत.
आता नान्ना स्वतःच करतो,
बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट
घशाखाली उतरेपर्यंत.

चाळीस वर्षं लूमवर.
नुसत्या आवाजावरून सांगायचा
कितव्या मागावर तार तुटली.
कान अजून तसेच आहेत.
पण गेल्या मे महिन्यात
कारखान्यातून एकाच पायात चप्पल घालून आला.
दुसरी कुठं पडली, ते
आम्ही विचारेपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं.
डांबरानं तळवा भाजला होता.
हेही आम्हीच त्याला सांगितलं.

मी लॅबमध्ये असते, सिव्हिलजवळ.
माणसं माझ्याकडे नंबर होऊन येतात.
त्या दिवशी बाटलीवर नाव होतं: भूमय्या गाजूल.
क्रिएटिनिन एक पूर्णांक सहा.
मी नमुना पुन्हा लावला.
पुन्हा एक पूर्णांक सहा.

मग अम्मा मंगळवारच्या बाजारात गेली.
तिथं गोणपाट अंथरून गुरबसप्पा बसतो:
जांभळाच्या बियांची पूड, कारल्याच्या वाळक्या चकत्या,
विजयसाराचा लाकडी पेला, रात्री पाणी ओता,
सकाळी काळ्या चहासारखं.
"किडनी धुऊन काढतंय बघा," कानडी हेलात तो म्हणाला,
आणि गिऱ्हाईक पांगल्यावर, हळूच,
"पण डॉक्टरची गोळी सोडायची नाही हां, अक्का.
मी सोडली होती."
लुंगीच्या खाली त्याचा उजवा पाय
घोट्यापाशी संपत होता.

तिनं जांभळाची पूड घेतली,
आणि एक पुडी पानांची.
मराठीत मधुनाशिनी, आमच्यात पोडपत्री.
पान म्हणजे काय, हे अम्माला शिकवायला नको.
दिवसाला हजार विड्या वळते ती,
तेंदूच्या पानानं माझी फी भरलीय,
आणि कुणाकुणाची छाती जाळली असेल,
ते ती कधी मोजत नाही.

नान्नानं दोन पानं चावली, तोंड वाकडं केलं.
तिनं त्याच्या जिभेवर
गड्ड्याच्या जत्रेतला उरलेला बत्तासा ठेवला.
"वाळू!" तो ओरडला.
मग तिनं खाल्लं, मग मी.
तिघं भिंतीला टेकून वाळू चघळत बसलो
आणि हसत होतो, शेजारची राजव्वा डोकावून गेली
इतके.
तासाभरात जिभेवरची गोडी परत आली.

डॉक्टरांनी पान उजेडात धरून पाहिलं.
"उंदरांमध्ये बरं दिसतंय म्हणतात.
भूमय्या उंदीर नाहीत.
जे काय खाल ते मला सांगून खा,
झाडपाला असला तरी गाळायचा
त्याच दोन किडन्यांनी."
मग पानाबद्दल काही न बोलता
नान्नाचा मोजा काढला
आणि अम्माला म्हणाले, "हे रोज रात्री बघायचं. रोज."

म्हणून रात्री, विड्यांचं सूप सरकवून
ती त्याचा पाय मांडीवर घेते.
बल्बखाली तळवा वळवते
जसं पान वळवते, शीर, कड,
कुठं भोक आहे का, कुठं काळं पडलंय का.
भोकाचं पान ती बाजूला टाकते.
इथं तसं करता येत नाही.
अंगठ्यानं एकेक जागा दाबते.
"कळलं?"
"कळलं," नान्ना म्हणतो.
"इथं?"
"इथंही."

आठवडाभर सगळं कळत होतं त्याला.
राजव्वा म्हणाली, पानाचा गुण.
मीही जवळजवळ मानलं.

मग एका रात्री अम्मानं
हातातल्या बांगड्या वर, कोपराकडे सरकवल्या,
दुसऱ्या हातानं घट्ट धरल्या
आणि दाबलं.

नान्ना छताकडे बघत
वाट बघत राहिला.