मचूळ

फाओच्या तारघरात दौत दुपारी आटते.
थेंबभर पाणी घालून मी ती जिवंत करतो
आणि लिहितो, उजवीकडे झुकत्या अक्षरात:
मेहेरबान सरकारी वकील यांस विनंती की,
परक्या निशाणाच्या जहाजास
या नदीत वर कुठवर जाऊ द्यावे,
आणि जाऊ न दिल्यास, कोणत्या कलमाने.

तारेला शब्दागणिक पैसे.
कायद्याला शब्द फार लागतात,
म्हणून तारघरातून पत्र टपालाने जायचं.

पेंब्री साहेबांनी 'नदी' खोडलं.
'नदीचे मुख' लिहिलं. तेही खोडलं.
मग हिरव्या पेन्सिलीने, 'सदरहू पाणी'.
मग पंख्याची दोरी ओढणाऱ्या शुवैशकडे
बघत राहिले बराच वेळ,
जणू सल्ला तोच देणार होता.

तीन नकला. एक बुशहरला, एक मुंबईला,
एक इथल्या उंदरांना.
दुसऱ्या नकलेत 'हक्क' या शब्दावर
माझ्या कपाळाचा घाम पडला.
हक्क पसरला, समासापर्यंत गेला.
सबंध पान पुन्हा.

खिडकीसमोर ते जहाज नांगरलेलं.
अकरा फूट बुडतं, म्हणतात.
डेकवर त्यांचा आचारी कोंबडीची पिसं उपटतोय,
पाण्यात टाकतोय.
सकाळी पिसं समुद्राकडे जात होती.
आता वर निघालीत, बसऱ्याच्या वाटेने,
दोन्ही हातांना खजुरीच्या बागा बघत.
त्यांना कुणी अडवलेलं नाही.

हमूद आरकाटी पाण्यात बोट बुडवतो,
जिभेला लावतो.
असरच्या नमाजाआधी समुद्र, म्हणतो.
नंतर नदी.
मी साहेबांना इंग्रजी करून सांगितलं.
ते म्हणाले, जिभेची साक्ष होत नाही.

आमच्या आगरदांड्याला असलंच पाणी.
आई ओंजळभर तोंडात घेऊन थुंकायची,
मचूळ आहे, डाळ शिजायची नाही.
त्याला आम्ही नदी म्हटलं नाही कधी,
समुद्रही नाही.
खाडी म्हटलं, खाजणाला बांध घातला,
आणि बांध फुटला की पुन्हा घातला.
तरीवाला भर पाण्यात वल्हं थांबवून
हबशाची हद्द दाखवायचा, थुंकून;
ती थुंकी वाहत आमच्याच बाजूला यायची.

पण नकलनवीसाला कुणी शब्द विचारत नाही.
त्याचं अक्षर बघतात.

नोव्हेंबरात उत्तर आलं. लाख तडकलेली.
नऊ पानं.
विषय नाजूक आहे.
तहातील 'पर्यंत' या शब्दात
ते ठिकाण धरावे की वगळावे,
याविषयी दुमत संभवते.
सबब नकाशा पाठवावा, भरतीचे कोष्टक पाठवावे,
आणि सदरहू पाणी
नक्की कुठे सुरू होते, ते कळवावे.

साहेब हसले नाहीत. त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.
बिस्किटं त्याच जहाजाची.
दोनदा वर जाऊन, खजूर भरून, परतताना
कप्तान डबा ठेवून गेला होता,
वर चिठ्ठी: आदरपूर्वक.

संध्याकाळी बस्ता बांधला.
विषयाच्या रकान्यात लिहायचं ते इंग्रजीत लिहिलं.
मागे, दोरीच्या गाठीखाली,
पेन्सिलीने, मोडीत:
मचूळ.
कुणी बघितलंच तर हिशेबाची खूण वाटेल.

थंडी पडली, पंखा बंद झाला.
शुवैश दोरी कोपराभोवती गुंडाळत होता,
पुढच्या चैत्राला लागेल म्हणून.
खाली धक्क्यावर हमूद
कुणाशी तरी भाड्यावरून भांडत होता.
पाणी फिरलं होतं की नाही
मी पाहिलं नाही,
कंदिलांची काच पुसायची राहिली होती.