सात खेपांचं घर

एकतीस वर्षं मी पणजीतल्या एका ऑफिसात
दुसऱ्यांची घरं काढली.
आधी ट्रेसिंग पेपरवर, मग संगणकावर.
पाहुण्यांची खोली, पाहुण्यांच्या ड्रायव्हरची खोली,
नुसत्या चपलांसाठी आठ बाय दहा.
एका साहेबांना वाईनसाठी तळघर हवं होतं,
तिथे कमरेएवढं खणलं की पाणी लागतं
हे सांगायला मलाच पाठवलं.

निवृत्त झाले तेव्हा हातात पेन्सिल होती
आणि दिवाडीत आईच्या वाटणीचा तुकडा:
तीन माड, एक बिंबल,
विहीर, तीही शेजारणीशी अर्धी.

मी काढलं नऊ फूट रुंद, एकोणीस लांब.
रोहिदासने चष्मा पुसून पाहिलं.
"हा व्हरांडा झाला, ताई. घर कुठल्या कागदावर आहे?"

बेटाला अजून पूल नाही.
यायचं ते सगळं फेरीबोटीतून.
टेंपोवाला सांतान म्हणाला, "कितल्यो खेपो?"
मला चौरस फूट ठाऊक होते,
खेपा कोणी कधी विचारल्या नव्हत्या.
रात्री पुन्हा हिशेब मांडला.
चिरे चार, कौलं एक, वाळू-चुना एक,
लाकूड अन् संडासाचं भांडं मिळून एक.
आठवीत जे जे बसलं असतं ते खोडलं.
कपाट गेलं.
जेवणाचं टेबल गेलं,
आणि त्याच्याभोवती एकदाही
एकत्र न भरलेल्या सहा खुर्च्या.

सुतार मिळाला पाश्कोल मेस्त,
जन्मभर होड्या बांधलेला.
नकाशा त्याने उलटा धरला, मग सुलटा.
"बाये, हाका वल्हें खंय?"
मी हसले. तो नाही.

मी मिलिमीटर सांगायची, तो वितीत ऐकायचा.
पायरीच्या पोटात तांदूळ, फळीखाली पुस्तकं,
भिंतीत जिथे हात सहज जाईल तिथे कोनाडा.
माझे काटकोन त्याने न विचारता गोल केले.
"कोनशे लागतात," एवढंच.

नार्व्यात पाडलेल्या घराची शिंपल्यांची तावदानं
भंगारात मिळाली सत्तावीस. खिडकीला लागली चोवीस.
तीन फेकवेनात.
म्हणून आमच्या वाड्यावरचा सगळ्यात देखणा उजेड
माझ्या संडासात पडतो.

हात आखडला नाही तो फक्त सोप्यावर.
बाहेरचा, चिऱ्यांचा, रस्त्याकडे तोंड केलेला,
घरापेक्षा दोन फूट लांब.
पदेर सायकल टेकवून तिथे सुटे मोजतो.
एस्पेरांसा भाजी निवडायला इथे घेऊन येते,
तिच्या अकरा खोल्यांत दुपारी
फक्त फ्रीज बोलतो.

साधं जगणं म्हणतात, पण साधं नाही हे.
इस्त्री हवी तर अख्खं अंथरूण उचला.
आषाढात ओले कपडे आणि मी
सहा दिवस एकमेकांकडे बघत.
रागावलं तर आपटायला दुसरं दार नाही.
राग घेऊन सोप्यावर बसावं लागतं,
आणि तिथे कोणीतरी विचारतंच,
"जेवलीस?"

शेवटच्या दिवशी पाश्कोलने
लादीच्या सर्वात खालच्या कोपऱ्यात भोक पाडलं,
लाकडाचं बूच ठोकलं.
नकाशात नव्हतं.
"होडयेक आसता," म्हणाला,
आणि हत्यारं गोळा करून पाचच्या फेरीने गेला.

रोज सकाळी लादी धुते, बूच काढते.
पाणी आपलं आपण माडाच्या मुळाशी जातं.
मग ते बूच कुठे ठेवलं ते शोधते,
नऊ बाय एकोणीसमध्ये,
चांगली दहा मिनिटं.