झाकण लावून काढलेला फोटो

सिंदेवाहीपलीकडे, बोडीच्या पाळीला लागून
वनखात्याची चौकी. पारा सेहेचाळीस.
टेबलावर मी मांडलेत सात सेन्सर,
करंगळीच्या नखाएवढे.
यांच्यासाठी अकरा महिने
फॅबच्या पिवळ्या उजेडात नाकतोंड बांधून उभी होते,
शिंक आलीशी वाटली तरी बाहेर पळत.
धुळीचा एक कण, आणि चकतीवरचं तेवढं घर गेलं.
इथे कुंदा गेडाम
कॅमेऱ्याच्या काचेवर तोंडाची वाफ सोडते
आणि खाकी बाहीने खसाखसा पुसते.

"ताई, झाकण काढाचं राह्यलं तुमचं."
नाही गं, लावूनच काढायचाय.
"काहाचा फोटो?"
अंधाराचा.
तेंदूपत्त्याचे पुडके मोजणाऱ्या बायका
मोजणी विसरून दारात आल्या.

तीस सेकंद.
पडद्यावर आभाळ उमटलं:
पांढरे ठिपके, निळसर ठिपके, एक लालभडक,
कुठल्याच पंचांगात नसलेली नक्षत्रं.

मग सांगत बसले, जमेल तसं.
सिलिकॉनमध्ये लाखो खड्डे असतात,
उजेड पडला की त्यांत इलेक्ट्रॉन साचतात,
कोणत्या खड्ड्यात किती, ते मोजलं की चित्र.
पण अशा उन्हाळ्यात
नुसत्या उष्म्यानेच ते सुटून येतात
आणि उजेडाचं नाव सांगून बसतात.
आलं कोणी नाही, सही मात्र झाली.

"म्हणजे आमचे मास्तर," कुंदा म्हणाली,
"शाळेत नाई, हजेरीत हायेत."

माझ्या प्रबंधात या गोष्टीला चार पानं लागलीत.

मे महिन्यात तिच्या कॅमेऱ्यातले वाघ
अंगभर ठिपके घेऊन येतात.
एकाची तर साहेबांनी बिबट म्हणून नोंद केली,
वर सहीशिक्का.

हे बोलता बोलता, मला न विचारता
तिने रांजणावरचं ओलं पोतं उचललं
आणि चाचणीच्या डब्यावर टाकलं.
मी ओरडणारच होते, ओल, जोडण्या, गंज,
पण आकडा उतरत होता.
अडतीसला पुन्हा फोटो काढला.
ठिपके निम्मे.
(याच थंडाव्यासाठी मी चार लाख मागितले होते.
अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर आहे.)
लाल तेवढा हलला नाही.
तो जन्मखोड, माझ्याच हातची.

संध्याकाळी तिच्या घरी.
अंगणात खाटेवर सोमाजी गेडाम,
दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेले.
दुपारची गोष्ट लेकीने सांगितली तशी म्हणाले,
"मलेही दिसते नं बाई.
डोरे मिटले का भुरभुर, भुरभुर,
मोहफुलं पडल्यावानी, रातभर.
पाहाले गेलं त कोणी नसते."

आमच्याकडे यावर उपाय आहे:
झाकण लावून अंधार आधी मोजून ठेवायचा
आणि मग प्रत्येक फोटोतून वजा करायचा.
हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं,
आणि चहा मागितला.

कुंदाने पंचा भिजवला, पिळला,
त्यांच्या डोळ्यांवर घडी करून ठेवला.
"कमी झाले का, बा?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
बोडीकडून टिटवी ओरडत गेली.

"नाई," म्हणाले. "पर राहू दे."