पहिलं की दुसरं

माहीमला, केमिस्टच्या वरच्या मजल्यावर,
फ्लोरिन डाबरेनं माझ्या नाकावर लोखंडी चौकट चढवली,
दिवा मालवला
आणि विचारलं,
आता बरं दिसतंय काकू, की मघाशी?
पहिलं? की दुसरं?

भिंतीवर उजळलेला ग, त्याखाली ठ, र, म,
तळाशी मुंग्यांची रांग.
दुसरं, मी म्हटलं.
टक्. काच बदलली.
पहिलं? की दुसरं?
दुसरं.
टक्.
दुसरं.

पाचव्या-सहाव्या काचेनंतर फरक कळेनासा झाला.
पण खाली बाकावर तीन माणसं खोळंबली होती,
आणि "सारखंच दिसतंय" म्हणणं म्हणजे
कोरा पेपर देऊन वर्गाबाहेर येणं.
म्हणून ठासून सांगितलं: दुसरं. अगदी स्वच्छ.
ती हसली.
काच बदललीच नव्हती काकू,
नुसती काढून परत घातली. बघते मी असं कधीकधी.

अंधार होता ते बरं.

म्हणजे इतकी वर्षं हेच करत आले की काय?
दुधाची पिशवी कायम मागची,
जणू पुढची परवाच्या म्हशीची.
सोफ्याचं कापड निवडण्यात अकरा रविवार गेले,
आणि बिल्डरच्या संमतीपत्रावर सही
जिन्यात, उभ्या उभ्या,
त्याच्याच पेनानं,
त्याच्याच माणसाच्या पाठीवर कागद टेकवून,
कारण गॅसवर डाळ होती.

आणि स्थळं. दोनच आली होती.
पहिला भर दुपारी साडेबाराला,
माझ्या पोटात कावळे, खांद्यावर पिन टोचत होती,
तो काय बोलला आठवत नाही.
दुसरा पाचला. जेवण झालेलं, डोळा लागून गेलेला,
खिडकीतून खाडीचा वारा.
मी आईला म्हटलं, हा.
का, ते मागाहून सुचत गेलं:
स्वभाव शांत, नोकरी गोदीत, दात सरळ.
कारणं अशीच पोचतात,
अक्षता पडून गेल्यावर, घाम पुसत,
आणि फोटोत मात्र पहिल्या रांगेत.

वाईट झालं असं नाही.
एकतीस वर्षं जयवंतनं
पाल्यातले काटे काढून मग वाटी माझ्याकडे सरकवली.
पहिल्यानं सरकवली नसती.
किंवा सरकवली असती.
ती काच डबीत गेली, तिचा नंबर मला ठाऊक नाही.

पुन्हा एकदा, फ्लोरिन म्हणाली, सावकाश.
पहिलं? की दुसरं?
मी बघत राहिले.
ठ इथेही ठ, तिथेही ठ,
पोटाशी तसाच वळलेला.
खालून कुणीतरी खोकलं.
कळत नाही गं, मी म्हटलं.
हां, ती म्हणाली, मग हाच नंबर.
आणि दिवा लावला.

नंतर पडदा तपासायला थेंब घातले.
शीतलादेवीच्या स्टॉपवर उभी राहिले तेव्हा
प्रत्येक दिव्याला जावळ फुटलेलं,
बसच्या कपाळावरचा आकडा नुसताच पिवळा.
माणसं चढली, मीही चढले.
कुठे, कंडक्टरनं विचारलं.
तोंडाला आलं ते नाव सांगितलं.
त्यानं तिकीट फाडून दिलं, का म्हणून विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हटलं असतं,
गुरुवारी या.
चष्मा गुरुवारी मिळतोय.