तीन हाका

तीन हाका मारल्या, मॅडम.
"बाजूला व्हा" म्हणालो, थांबलो,
मगच राडारोडा खाली सोडला.
पंडित गांगुर्डेची ही साक्ष मी टाइप केली
सीबीएसजवळच्या कोर्टात,
पंखा कागद उडवत होता म्हणून
फाइलीवर डब्याचं झाकण ठेवून.

वादी दिगंबर वडनेरे, वय एकसष्ट,
धंदा तांब्याची भांडी घडवण्याचा.
प्लास्टर निघालेलं, काठी नवी,
काठीवर किमतीचं लेबल तसंच.
पुकारा झाला, उठले नाहीत.
पुन्हा पुकारा.
सुनेने दंडाला हात लावला तेव्हा उठले.

ठेकेदाराचे वकील गायधनी, भला माणूस, म्हणाले,
रस्त्याने जाणारा प्रत्येक जण
माझ्या अशिलाच्या गळ्यात कसा बांधायचा?
ना ओळख, ना देणंघेणं.
त्याची काळजी यांनी का वाहायची?

"काळजी" लिहिलं आणि माझी बोटं अडली.
करायची ती वेगळी, घ्यायची ती वेगळी.
करणारा रात्रभर कूस बदलतो,
घेणारा खाली एक माणूस उभा करतो
हातात लाल फडकं देऊन,
आणि घरी जाऊन गाढ झोपतो.
कायद्याला पहिलीशी कर्तव्य नाही.

मॅडमनी चष्मा काढला.
जेजुरकर, गल्लीचं नाव काय?
"तांबट लेन."
काम किती दिवस चाललं?
"दीड महिना."
दीड महिना तिथे काय ऐकू यायचं?
ठेकेदार हसला. "ठोकाठोक, मॅडम. दुसरं काय!
आमचीच माणसं खुणांनी बोलायची."

शब्द न् शब्द टाइप केला.
गायधनी खिडकीबाहेर बघायला लागले.

चाळीस वर्षं हंड्याच्या पोटात हातोडी,
प्रत्येक ठोका आधी तांब्याला, मग कानाला.
तो कान दीड महिना समोरच्या ओट्यावर बसलेला,
आणि हाक त्याच्याच भरवशावर.

निकाल श्रावणात लागला.
ओळख असावी लागत नाही, मॅडमनी सांगितलं,
मी लिहून घेतलं.
कोण खालून जाईल, हे
वरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे यायला हवं होतं,
आणि ते येण्याजोगं होतं.
एवढं पुरे.
भरपाईतले दहा टक्के मात्र कापले:
वडनेरे भिंतीला लागून चालले होते,
सावलीसावलीने.
ऊन होतं हो, सून पुटपुटली.
ते रेकॉर्डवर आलं नाही.

जिन्यात सगळ्यांची गाठ पडली.
वडनेरेंनी काठी भिंतीला टेकली,
गांगुर्डेला अडवलं, आणि अख्खा जिना घुमेल
अशा आवाजात विचारलं,
खरंच मारली होतीस का रे हाक?

पंडितने आधी तोंड उघडलं.
मग मिटलं,
आणि तीन बोटं वर केली.