आणि इतर

कुठ्ठाळीची फेरी धरून यायची ती,
प्रेस नोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराआड.
आमच्या पणजीच्या कचेरीचा जिना अरुंद;
खिळे जुळवणारे हात थांबवून बघायचे.
पहिल्या दिवशी मी मान वर न करता म्हटलं,
"चहा तिथे ठेवा, बाई."
तिने कागद ठेवला.
"इनासिया सिद्दी, जनसंपर्क अधिकारी.
चहा मलाही चालेल. साखर कमी."

हल्याळकडची. मराठी बेळगावी वळणाची,
कोकणी आईची, इंग्रजी नन्सची.
खनिज कंपनीच्या साहेबाला फोनवरचा आवाज आवडला,
आवाजाचा रंग दिसला तोवर
नेमणुकीचं पत्र टपालात पडलं होतं.
हे तीच सांगायची, हसत.
हसणं खरं की नोकरीचं, मला कळत नसे.

तिच्या मजकुराला लाल शाई कधी लागली नाही.
फक्त लांबीला.
अध्यक्षांपासून फितीचं तबक धरणाऱ्या पोरापर्यंत
सगळ्यांची नावं द्यायची ती.
चौथ्या नावापुढे मी रेघ ओढायचो,
लिहायचो: आणि इतर.
जागा कुठे असते?

एकदा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर म्हणाली,
"आमची माणसं इथेच उतरवली.
वहीत असेल: हस्तिदंत, इतकं. माणसं, इतकी."
मग तिने बांगड्यांचा भाव विचारला.

एका नोव्हेंबरात बार्ज बुडाली.
कंपनीचं म्हणणं: किरकोळ अपघात, तीन कामगार.
तिची नोट रात्री साडेदहाला आली, शिक्क्याविना:
आगरवाड्याचा सांतान काब्राल,
अंकोल्याचा गणबा हरिकंत्र,
इस्माईल म्हसकर, वय एकोणीस.
तळाचे पत्रे किती वर्षं बदलले नव्हते, तेही.
मी काही कापलं नाही.
माझं शौर्य एवढंच,
आणि तेही एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली म्हणून.

तिला गेस्ट हाऊसच्या चादरी मोजायला बसवलं.
दोन वर्षांनी पुन्हा कुठे आग लागली,
तेव्हा साहेबाला विहीर आठवली.

निवृत्तीचा फोटो आला. ओळ नव्या पोराने लिहिली,
तपासली मी.
डावीकडून अध्यक्ष, सौ. अध्यक्ष, सरव्यवस्थापक
आणि इतर.
ती मधोमध, गळ्यात हार.

सकाळी फोन.
"जागा नव्हती?"
मी हो म्हटलं.

पान आठ समोरच होतं.
तळाला दोन बोटं कोरी.