रकाना क्रमांक चार

ये अँब्रोज, बस. हा हीटर एका कुशीवरच तापतो,
गुडघे तिकडे कर.
व्हाइटहेवनच्या या तळघरात एकतीस वर्षं काढली मी.
वर हॉस्पिटल, खाली आपण,
पलीकडे समुद्र, तो कसलंच रजिस्टर ठेवत नाही.

पहिलं सांगते, फोनवर कॉर्प्स म्हणायचं नाही.
तो शब्द पोलिसांचा, आणि रात्री वाचायच्या पुस्तकांचा.
एके काळी जित्या माणसालाही कॉर्प्सच म्हणत,
जेवणारा, भांडणारा, चांगला धडधाकट कॉर्प्स.
मग हळूहळू जिवंतांनी अंग काढून घेतलं
आणि शब्द तेवढा थंड पडला.
त्याचा सख्खा भाऊ फौजेत असतो. कोर म्हणतात त्याला.
लिहिताना दोघांत फरक शेवटच्या एका ई-चा.
माझा आजा कोरमधून फ्रान्सला गेला होता.
सोमच्या चिखलात त्याला ती ई मिळाली.

कॅडॅव्हर म्हणतील ती डॉक्टरकीची पोरं.
मूळ लॅटिन, पडणं. जो पडला तो कॅडॅव्हर.
त्याच पडण्यातून अ‍ॅक्सिडेंट आला, आणि चान्ससुद्धा,
फासा पडतो ना, तसा.
पानझडीच्या झाडांचं इंग्रजी नावही त्याच घरचं,
असं म्हातारे डॉक्टर पेंडलबरी सांगायचे
आणि नोव्हेंबरात झरोक्याबाहेर बोट करायचे.
तिथून फक्त गाड्यांची चाकं दिसतात.
मी मान डोलवायची.

वॉर्डबॉय स्टिफ म्हणतील. म्हणू देत.
ते रोज उचलतात, त्यांना काहीतरी म्हणावंच लागतं.

नातेवाइकांपुढे रिमेन्स.
म्हणजे उरलेलं. रविवारच्या भाजलेल्या मटणाचंही उरतं ते रिमेन्सच,
पण हे तुझ्या चेहऱ्यावर दिसता कामा नये.

आणि चर्चच्या फाटकावर छप्पर असतं, पाहिलंस?
लिचगेट. लिच म्हणजे देह, फार जुना शब्द,
आता त्या फाटकापुरताच उरलाय.
पाऊस असला की खांदेकरी पेटी तिथे टेकवत,
पाद्रीबुवा छत्री शोधून येईपर्यंत.
त्या लिचच्याच कुळात लाइक जन्मला. सारखा.
एकच अंग असलेला तो सारखा.
तुझी आई म्हणत असेल, थेट बापासारखा दिसतोस.
म्हणताना तिच्या तोंडून एक देह निघून जातो,
तिला पत्ता नसतो.

हसू नकोस. म्हणजे हस, पण दार लाव आधी.

त्या फेब्रुवारीत ट्रॉलीवरून जेबेझ आला.
माझा धाकटा. धक्क्याच्या भिंतीवरून.
पाय घसरला म्हणाले, मीही तेच म्हणते.
शाळेत लेट, चहाला लेट, स्वतःच्या लग्नात चाळीस मिनिटं लेट.
आईला पुरून लोक सँडविच संपवून उठले
तेव्हा हा दारात, बुटांना वाळू.
आणि वरून टाइप होऊन कागद आला,
द लेट जेबेझ फॉदरगिल.
मी हसले, अँब्रोज. खुर्चीत मावेना इतकी हसले.
नर्स पाणी घेऊन धावली.

मग रजिस्टर उघडलं. रकाना चार, वर्णन.
इतकी वर्षं न थांबता लिहीत आले होते, बॉडी,
तेही लिहिलं. अक्षर नीट आलं.
वाळायच्या आत त्याच्यामागे तीन अक्षरं अजून घातली,
जागा नव्हती म्हणून समासातून ओढत आणून.
समबडी.

तपासणीत कोणी विचारलं नाही.
रजिस्टर वाचतं कोण? तू वाचशील आता,
हिरवी पाठ, वरून तिसरं.

किटली लाव. चारला हॅलिवेलचा माणूस येतो गाडी घेऊन,
आणि तो कधी लेट येत नाही.